पंपावरची चांदी

मागच्या वीकेंडला मित्राच्या गावी गेलो होतो, झरी जामणी तालुक्यात. (यवतमाळ. हो, तेच, बातम्यांतलं.) मुकुटबनच्या पट्ट्यात पायाखाली चुनखडी आणि कोळसा, आणि मित्राच्या शेतात चकचकीत सौरपंप! काका खुशीत होते. "आता दिवसाच पाणी सोडतो. ऊन फुकटच हाये ना!"

ऊन फुकट, मान्य. पण काका, पॅनेलही कोळशासारखं जमिनीतूनच येतं हो.

परतीच्या गाडीत सवयीप्रमाणे हिशेब केला. ५ एचपी पंपाला साधारण ४८०० वॅटची पॅनेल्स. सेलवर त्या केसासारख्या रेघा दिसतात ना, त्या चांदीच्या असतात. वॅटमागे १० मिलिग्रॅम धरा (ढोबळ आहे, कंपनीगणिक बदलेल). झाले की चार-पाच तोळे! काकूंच्या पायात असतील तेवढेच.

२०२४ मध्ये जगातल्या चांदीच्या मागणीचा साधारण सहावा हिस्सा सौर उद्योगाचा होता. आणि गंमत म्हणजे खास चांदीसाठी खाणी फारशा कोणी खणत नाही. बरीचशी चांदी शिसं, जस्त, तांबं काढताना जोडीला येते. म्हणजे भाव दुप्पट झाला म्हणून माल दुप्पट होत नाही. २०२५ मध्ये किलोचा भाव दीड लाखाच्या वर गेला तेव्हा आपण काय केलं? लग्नाची खरेदी पुढे ढकलली आणि व्हॉट्सॲपवर विनोद पाठवले.

सरकारचंही तेच. जून २०२३ मध्ये केंद्राने ३० क्रिटिकल खनिजांची यादी काढली. सिलिकॉन, टेल्युरियम, इंडियम, गॅलियम सगळे आहेत. चांदी नाही! अमेरिकेने ती नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या यादीत घेतली. आमच्याकडे मात्र चांदी म्हणजे पैंजण.

बरं, यादीत नाव आलं म्हणून माल येतो असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टेल्युरियम आणि इंडियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. पॉलिसिलिकॉनपासून मॉड्यूलपर्यंत प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त, असं आयईएने २०२२ मध्येच सांगितलं होतं. आपल्या धंद्यात एकाच व्हेंडरवर अख्खी सिस्टिम उभी केली तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. इथे टाळ्या!

"चांदीऐवजी तांबं वापरतील की," असं कोणीतरी म्हणणारच. प्रयोग चालू आहेत, होवोत यशस्वी. पण तांब्याचं कॉन्सन्ट्रेटसुद्धा आपण बहुतेक बाहेरूनच आणतो.

मग घरात आलेली चांदी तरी सांभाळा ना! २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल्स आली. उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. छान. पण झरीच्या शेतातून तो तिथवर नेणार कोण?

काकांना विचारलं होतं, गारपिटीत पॅनेल फुटलं तर?

"भंगारवाला येते ना. फ्रेमचे पैसे देते."

आणि काच?

"ते काय कामाची? धुऱ्यावर टाकाची."