जीडीत आपली मुलं का अडकतात? इंग्रजीवर ढकलू नका

मंडळी, रविवारी आपल्या मंडळात गुणवंतांचा सत्कार झाला. नारळ, शाल, पाकीट आणि पाठोपाठ चार भाषणं. नंतर पोह्यांच्या रांगेत एका ताईंनी मला गाठलं. मुलीला एमबीएच्या लेखी परीक्षेत छान मार्क, पण ग्रुप डिस्कशनमध्ये दोन ठिकाणी बाद. "काय करणार दादा, आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं पडतं." मी तिथे नुसती मान हलवली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहितोय. काहींना लागेल, लागू द्या.

1988 साली मी स्वतः असाच बाद झालोय. एका सरकारी कंपनीची निवड होती, भोपाळला. अर्धगोलात दहा खुर्च्या, छातीवर नंबर, वेळ पंधरा मिनिटं. विषय होता टीव्हीमुळे वाचन कमी होतंय का. अहो, या विषयावर आम्ही रामबागेत ओटल्यावर बसून रात्री घालवलेल्या! पण तिथे मी वाट बघत बसलो, कोणीतरी म्हणेल, "हं, आता तू बोल." कोण म्हणणार? घरी शिकवण एकच, चारचौघं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. दोन मिनिटं उरली तेव्हा मी चक्क उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "रिस्पेक्टेड जजेस अँड माय डियर फ्रेंड्स!" सगळे हसले. गणेशोत्सवात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मी तीन वर्षं ओळीनं घेतलेलं होतं, त्याचा हा प्रसाद. इंग्रजी व्याकरणाची एकही चूक नव्हती हो त्या वाक्यात.

पुढे नोकरीत मीच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, बरीच वर्षं. आम्ही कागदावर एक गोल काढायचो, त्यावर नंबर लिहायचो, आणि कोण कोणाला उद्देशून बोललं त्याचे बाण काढत जायचो. काही मुलांचे सात-आठ बाण असायचे, सगळे गोलाच्या बाहेर, म्हणजे आमच्याकडे. बाकी नऊ जण तिथे बसलेत याचा त्यांना पत्ताच नसायचा. एक मुलगी मला अजून आठवते. ती तीनदाच बोलली. सुरुवातीला तिने विचारलं, या प्रश्नाचा अर्थ आपण सगळे एकच घेतोय ना? मग म्हणाली, चार नंबरचं बोलणं अर्धवट राहिलंय, त्याला पुरं करू द्या. आणि शेवटी, आपलं इथपर्यंत जमतंय, या मुद्द्यावर जमत नाहीये. बस. भूतकाळाची क्रियापदं दोनदा चुकली होती तिची. आमच्या तिघांच्याही यादीत ती पहिली होती.

आता भंवरकुआंकडच्या क्लासेसमध्ये काय शिकवतात बघा. सगळ्यात आधी तोंड उघडा, कोणाचं तरी कोटेशन मारा, शेवटचा समारोप पकडा. आठही जण हेच शिकून आले की मच्छीबाजार होतो, दुसरं काय होणार? आणि फिया भरतो आपण.

कोणी म्हणेल, आता आयआयएमनी जीडी काढून लेखी चाचणी आणली. आणली काहींनी. म्हणून प्रश्न मिटला का? फौजेच्या एसएसबीला आपल्या भोपाळला जाऊन या. पहिल्याच दिवशी तीस सेकंद एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची, आणि मग पूर्ण गटाने चर्चा करून एकच गोष्ट ठरवायची. ज्यांचं जमत नाही ते त्याच दिवशी घरी. आपलीच गोष्ट रेटणारा तिथे जसा दिसून येतो, तसा दुसऱ्याची गोष्ट ऐकून न घेणाराही दिसून येतो. पाठ केलेलं भाषण तिथे काय कामाचं?

आणि आपण काय करतो? दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा. पाच मिनिटं, घंटी, पुढचा. बाबांनी लिहून दिलेलं भाषण मुलगा म्हणतो, मागे बसलेले स्पर्धक तोवर आपापलं पुटपुटत असतात. एकमेकांचं ऐकायची गरजच नाही! टिळक-आगरकरांच्या वादावर तासभर व्याख्यान ऐकून आपण टाळ्या वाजवतो, आणि घरी पोरगी "बाबा, मला हे पटत नाही" म्हणाली की ती उलटं बोलते. कार्यकारिणीच्या बैठकीत तिशीच्या आतलं माणूस शेवटचं कधी बोललं ते आठवून सांगा. चहा कोण आणतं ते मला माहीत आहे.

मी वेगळा नाही. माझा मुलगा दहावीत असताना जेवताना काही बोलला, तर "शहाणपणा नको, जेव" म्हणून मी त्याला गप्प केलं. पुढे कॅम्पसच्या जीडीत तो गप्प बसला. तेव्हा मी कॉलेजला नावं ठेवली.

संस्कार बिघडतील, असं आजी लोक म्हणतात. मला उलट वाटतं. "चार नंबरला पुरं करू द्या" म्हणणाऱ्या मुलीहून जास्त संस्कारी पोर मी मुलाखतींत पाहिली नाही. मध्ये तोंड घालू नये हे ठीक, पण मग दुसऱ्याचं संपल्यावर आपलं कसं सुरू करायचं, हे कधी शिकवलं आपण?

म्हणून या गणेशोत्सवात वक्तृत्वाची एक संध्याकाळ कमी करायची, असं मी मंडळात मांडलंय. आठ खुर्च्या, पंधरा मिनिटं, भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी, जी येईल ती. विषय, मंडळाचा हॉल लग्नांना भाड्याने द्यावा की नाही. सेक्रेटरी म्हणाले, विषय दुसरा घ्या, पोरं काहीही बोलून देतील.

विषय बदलणार नाही. मंडळाने नाही म्हटलं तर आमच्या घरी, पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाचला. पोह्यांच्या रांगेतल्या ताईंनी मुलीला नक्की पाठवावं. पालकांनी आत यायचं नाही, ओटल्यावर बसायचं, चहा मी आणून देईन.