हेडफोन घेण्यापूर्वी

गेल्या वर्षीच्या सोयाबीनच्या सुगीनंतरची गोष्ट. पालम तालुक्यातील एका खेड्यातून एक पालक आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा इयत्ता दहावीत शिकणारा, हुशार आणि गाण्याचा नादी. घरी एक जुना संगणक होता. त्यास हेडफोन जोडून तो रात्री धडेही ऐके आणि गाणीही ऐके. आता त्यास एक नवे यंत्र हवे होते. संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. त्या आकड्यांचे पुन्हा विद्युत्प्रवाहात रूपांतर करणारे, संगणकाबाहेर ठेवावयाचे हे यंत्र बाजारात 'डॅक' ह्या नावाने मिळते. मुलाने पसंत केलेल्या डॅकची किंमत आठ हजार रुपये होती. वडिलांनी आम्हांस एवढेच विचारले, "सर, हे आठ हजाराचं डबडं घेतल्यावर गाणं खरंच निराळं ऐकू येतं का?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही. हाच प्रश्न उद्या ह्या अंकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरी निघेल. म्हणून आम्ही जे पडताळून पाहिले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. आमचे मत प्रथमच नमूद करितो: नवशिक्याने ज्या सुधारणेस पैसा लागत नाही ती आधी करावी, आणि ज्या सुधारणेस सर्वांत अधिक पैसा लागतो ती सर्वांत शेवटी करावी.

संगणकातील गाणे कानापर्यंत येते ते एका साखळीने. प्रथम साठविलेले गाणे, नंतर डॅक, नंतर आवाजास बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर, त्यानंतर हेडफोन, आणि शेवटी आपला कान. ज्या संगणकास हेडफोनचे छिद्र आहे, त्यात डॅक व लहानसा अ‍ॅम्प्लिफायर आधीच बसविलेले असतात, ही गोष्ट मुलास ठाऊक नव्हती. साखळीची जी कडी सर्वांत कच्ची असेल ती पक्की केल्यावाचून दुसरी कडी सोन्याची करून काय लाभ?

पहिली कडी गाण्याची. सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीची 44,100 मापे नोंदविलेली असतात. हा आकडा मनास येईल तसा घेतलेला नाही. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे 20 पासून 20,000 पर्यंत कंपने ऐकू येतात, आणि कोणताही ध्वनी अचूक नोंदवावयाचा तर त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात. सीडीवरील दोन बाजूंचा ध्वनी अशा रीतीने सेकंदास सुमारे 1,411 किलोबिट जागा घेतो. एमपी3 पद्धतीत, कानास जे बहुधा जाणवणार नाही असे मानले जाते ते वगळून ही जागा वाचवितात. 320 किलोबिटच्या प्रतीत उणीव सहसा कळत नाही. परंतु 128 किलोबिटची प्रत मूळच्या अकराव्या हिश्शाएवढीच उरते. मुलाजवळील बहुतेक गाणी ह्या हलक्या प्रतीची, शिवाय एका मोबाईलवरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा लहान करून घेतलेली होती. जे एकदा गाळले गेले ते आठ हजारांचेच काय, आठ लाखांचे यंत्रही परत आणू शकत नाही.

दुसरी कडी जोडणीची. मुलाची तक्रार अशी होती की, हेडफोनमध्ये सतत बारीक खरखर येते आणि माऊस हलविला की ती वाढते. तो हेडफोन संगणकाच्या पुढील छिद्रात लावीत असे. पुढील छिद्राची तार पेटीच्या आतून इतर विद्युत्भागांच्या शेजारून जाते, आणि त्यांचा गोंगाट पुष्कळदा तीत शिरतो. आम्ही त्यास मागील छिद्र वापरावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की, खरखर जवळजवळ नाहीशी झाली. ह्या सुधारणेस एक पैसाही लागला नाही.

तिसरी कडी हेडफोनची, आणि ऐकण्यातील खरा फरक बहुतांशी येथेच पडतो. सन 1910 मध्ये अमेरिकेतील नॅथॅनियल बाल्डविन ह्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनविले आणि ते तेथील आरमाराने विकत घेतले. आजच्या हेडफोनचे कार्यही मूलतः तेच: विजेच्या लहरींनी एक पातळ पडदा कंपित करणे. परंतु हा पडदा कसा आहे, आणि कानावरील गादी कानाभोवती नीट टेकते की नाही, ह्यांवर पुष्कळ अवलंबून असते. गादी फाटली, किंवा चष्म्याच्या काडीने फट पडली, की तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा त्या फटीतून निसटून जातो. ह्या मुलाच्या हेडफोनच्या गाद्यांचे तुकडे पडले होते. नव्या गाद्या नांदेडच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळाल्या.

आता राहिला डॅक. नांदेडच्या एका स्नेह्याकडून आम्ही तसेच यंत्र चार दिवसांसाठी मागून आणिले आणि शाळेच्या संगणकखोलीत प्रयोग केला. ऐकण्यास केसरबाई केरकर ह्यांची भैरवी निवडली. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या ह्या थोर गायिकेची 'जात कहाँ हो' ही चीज सन 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठविलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. मुलास भिंतीकडे तोंड करून बसविले. एक सहकारी जोडणी बदलीत असे, आणि कोणती जोडणी चालू आहे हे मुलाने ओळखावयाचे. दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याची आम्ही विशेष काळजी घेतली. कारण दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा तोच मनुष्यास अधिक सुंदर वाटतो, आणि दुकानात ग्राहकाची फसगत होते ती पुष्कळदा ह्यामुळेच. दहा वेळा विचारले; मुलाची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखीच आली. तो खजील झाला. आम्ही त्यास सांगितले की, ह्यात लाजण्याजोगे काही नाही. आम्हांस स्वतःलाही ओळखता आले नव्हते.

ह्यावरून डॅक व अ‍ॅम्प्लिफायर ही सर्वथा निरुपयोगी यंत्रे होत, असा अर्थ कोणी काढू नये. मागील छिद्र वापरूनही खरखर न जाणे, अथवा संगणकाचे छिद्रच बिघडणे, अशा वेळी यूएसबीला जोडावयाचा लहानसा स्वस्त डॅक उपयोगी पडतो. तसेच काही हेडफोनांचा विद्युत्‌रोध 250 ते 300 ओहम असतो. त्यांस संगणकाचे बळ पुष्कळदा अपुरे पडते, म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. परंतु नवशिक्याने 16 ते 32 ओहमचे साधे हेडफोन घेतले तर ती गरज सहसा उत्पन्नच होत नाही. आधी दुखणे ओळखावे, मग औषध घ्यावे.

शेवटची कडी कानाची, आणि हीच एक अशी आहे की जी बदलून मिळत नाही. आपल्या अंतर्कर्णात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी प्रत्येक कानात सुमारे 15,000 असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की मनुष्याच्या ठायी पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यास 40 तासांपर्यंत ऐकावा. आवाज 90 डेसिबल झाला की ही मर्यादा अवघ्या 4 तासांवर येते. मुलांसाठी तर 40 तासांकरिता 75 डेसिबलच योग्य मानले आहेत. जवळजवळ दर 3 डेसिबलच्या वाढीस सुरक्षित वेळ निम्मा होतो, असा हा हिशेब आहे. ज्याच्या कानात जत्रेतील भोंगा आणि मिरवणुकीचा डीजे आधीच घुमत आहे, त्याने हेडफोनचा आवाज आणखी चढवावा, हे आपल्याच शेताचा बांध आपण फोडण्यासारखे आहे. खोली शांत असली म्हणजे कमी आवाजात अधिक ऐकू येते; म्हणून खिडकी लावून घेणे ही देखील एक सुधारणाच होय.

त्या पालकांनी डॅक घेतला नाही. ह्यापुढे हेडफोन निकामी झाले तर बेताच्या किंमतीचे, कान पूर्ण झाकणारे नवे घ्यावेत, असे ठरले. जाण्यापूर्वी आम्ही त्यांनाही हेडफोन लावून तीच भैरवी ऐकविली. साडेतीन मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण. त्यात डाव्या-उजव्या कानास निराळा ध्वनी नाही, आजच्या ध्वनिमुद्रणाची सफाई नाही. तरीही त्यांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकिले, आणि हेडफोन उतरवून म्हणाले, "बाईचा श्वास सुद्धा ऐकू येतो की हो, सर." मुलगा चकित झाला. त्याने तीच भैरवी दहा वेळा ऐकिली होती. परंतु कोणते यंत्र चालू आहे, इकडेच त्याचे सारे लक्ष होते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राची हौस वाईट नव्हे. आम्हांसही ती आहे. परंतु वडिलांच्या घामाचे आठ हजार रुपये मागण्यापूर्वी गाण्याची प्रत तपासा, जोडणी तपासा, गादी तपासा, आवाज उतरवा, आणि एकदा मन लावून ऐका. इतके करूनही काही उणे राहिले, तर तुमची मागणी रास्त आहे असे आम्ही स्वतः तुमच्या वडिलांस सांगू.