मेलवळवूची फाईल

न्यायास विलंब झाला की आम्ही प्रशासनातील मंडळी न्यायालयांकडे बोट दाखवून मोकळे होतो. मेलवळवूच्या प्रकरणात ती सोय नाही. चेन्नईतील मराठी स्नेह्यांनाही हे नाव बहुधा ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मदुरै जिल्ह्यातील या ग्रामपंचायतीचे अध्यक्षपद (आपल्याकडचे सरपंचपद) १९९६ मध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. दलित उमेदवारांना धमकावून अर्ज मागे घ्यावयास लावले गेले, मतदानात दांडगाई झाली. तरीही मुरुगेसन निवडून आले. पंचायतीच्या कार्यालयात बसणे मात्र त्यांना दुरापास्तच राहिले. ३० जून १९९७ रोजी मदुरैच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून परतताना, बसवर हल्ला करून त्यांच्यासह सहा जणांची हत्या झाली. उपाध्यक्षही मारले गेले. निवडणूक घेण्याची यंत्रणा शासनापाशी होती; निवडून आलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत पोहोचविण्याची इच्छा नव्हती.

सेलमच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये १७ जणांना जन्मठेप दिली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती कायम केली. आपल्या गतीने हे लवकरच म्हणायचे! परंतु सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यापूर्वीच, २००८ मध्ये, अण्णादुरै यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिघे सुटले होते. २०१९ मध्ये एमजीआर यांच्या जन्मशताब्दीच्या नावाने आणखी १३ सुटले. पहिला निर्णय द्रमुकच्या राजवटीतला, दुसरा अण्णाद्रमुकच्या. एरवी कशावरही एकमत नसलेल्या या पक्षांचे येथे मात्र जमले.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात १९६४ साली तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या हत्येबद्दल एडगर रे किलन याला शिक्षा व्हावयास २००५ साल उजाडले. ४१ वर्षे, हे लांच्छनच. पण २०१८ मध्ये, ९२ वर्षांचा असताना, तो तुरुंगातच मेला. तेथे न्याय उशिरा आला. येथे तो वेळेत येऊन परत नेण्यात आला.

अनुच्छेद १६१ खालील माफीचा अधिकार राज्यपालांचा असला तरी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. म्हणजे कागद फिरतो तो सेंट जॉर्ज किल्ल्यातील सचिवालयात, आमच्याच जातकुळीच्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून. अशा आदेशांत वगळावयाच्या गुन्ह्यांची यादी असते. लोकनियुक्त दलित प्रतिनिधीची जातीय हत्या त्या यादीत स्पष्ट शब्दांत असली पाहिजे, आणि मृतांच्या कुटुंबीयांचे लेखी म्हणणे घेतल्यावाचून अशी एकही फाईल मंत्रिमंडळापुढे जाता कामा नये. महाराष्ट्रातही.