टाकीबाहेरचा मासा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून उडी मारून मरणाऱ्या माशांत फायरफिशचा नंबर बराच वरचा. बोटभर लांबी, पुढचे अंग पांढरट, शेपटीकडे शेंदरी होत गेलेले, पाठीवर काडीसारखा उभा पर. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांजवळ हा मासा बिळाच्या तोंडाशी तरंगत प्रवाहातले बारीक जीव टिपतो आणि सावली हलली की आत गडप होतो. टाकीत बीळ नसले, किंवा असलेले बीळ एखाद्या दांडग्याने बळकावले, तर पळायला वाट उरते ती वरची. सकाळी टाकीमागे केरसुणी फिरवताना सुकटासारखा कडक झालेला मासा निघणे हा मरीन टँक बाळगणाऱ्या घरांतला नेहमीचा प्रकार आहे. रास, गोबी आणि जॉफिश हेही याच पंक्तीतले.

उडी हा माशाचा खोडसाळपणा नाही आणि निर्णयही नाही. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात डावी-उजवीकडे एकेक मोठी चेतापेशी असते. ल्युडविग माउथ्नर यांनी १८५९ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती माउथ्नर पेशी. कानाकडून किंवा अंगाच्या कडेने जाणाऱ्या पार्श्वरेषेकडून धक्क्याची वर्दी आली की त्या बाजूची पेशी पेटते, विरुद्ध बाजूचे स्नायू एकदम आखडतात, मासा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. वर्दी मिळाल्यापासून अंग वाकायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. समुद्रात सुटलेल्या माशापुढे मोकळे पाणी असते. तीन फुटांच्या टाकीत पुढे काच असते, नाहीतर हवा.

असा प्रसंग एखाद्या वेळी आला तर मासा काही तासांत सावरतो. रोज येऊ लागला की शरीराचा हिशेब बिघडतो. समुद्री मासा मुळात तहानलेला जीव आहे. भोवतालचे खारे पाणी त्याच्या अंगातले पाणी सतत ओढून घेते, म्हणून तो समुद्राचेच पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घाबरलेल्या माशाच्या कल्ल्यांतून रक्त जोरात वाहू लागते आणि ही गळती वाढते. त्यातच कॉर्टिसॉल सतत चढे राहिले की भूक मरते, रोगाशी लढण्याची ताकद घटते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा दगडाला अंग घासतो, रंग फिका पडतो, कल्ले भराभर हलतात. निळा टँग तर घाबरला की दगडाच्या फटीत आडवा पडून राहतो. नवखा मालक तो मेला समजून जाळी घालतो आणि उरलासुरला धीरही घालवतो.

सर्वात नाजूक वेळ मासा घरी आणल्याची. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरलेला असल्याने तो बहुतांशी अमोनियमच्या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तास-दोन तास थेंबाथेंबाने पाणी देणे म्हणूनच घातक ठरते. त्याची पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगवावी आणि पाणी एका तापमानाला आले की पिशवीइतकाच खारटपणा ठेवलेल्या वेगळ्या टाकीत मासा चटकन सोडावा, पिशवीतले पाणी मात्र ओतू नये. अर्ध्या तासावरच्या दुकानातून आणलेल्या माशाला थेंबपद्धत चालते.

त्यानंतर प्रकाश. माशाला पापण्या नसतात, बहुतेकांची बाहुली आक्रसत नाही आणि अंधाराला सरावलेला डोळा उजेडाला सरावायला बराच वेळ लागतो. रात्री वीज जाऊन परत येते तेव्हा टायमर भरकटून दिवे भर अंधारात लागले, तर टाकीतले सगळे मासे एकदम काचेवर आदळतात. आधी खोलीतला दिवा लावून मग टाकीचा लावणे, किंवा अर्ध्या तासात हळूहळू उजळणारा एलईडी बसवणे, एवढ्याने निम्मी धावपळ थांबते.

आवाजाबद्दल मात्र गैरसमज फार. टीव्हीचा हवेतला आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. त्रास होतो तो स्टँडमधून चढणाऱ्या हादऱ्याचा. कॅबिनेटचे आपटणारे दार, शेजारच्या फ्लॅटमधले ड्रिल, जमिनीवर ठेवलेला वूफर, काचेवर टिचकी मारणारे पाहुण्यांचे पोर. दिवाळीत खिडकीलगतची टाकी त्या बाजूने झाकलेली बरी, कारण फटाक्याचा लखलखाटही आत पोचतो.

दांडग्या शेजाऱ्यांचा प्रश्न हादऱ्यापेक्षा चिवट. डॅमसेल किंवा डॉटीबॅक आधी सोडले तर सगळी टाकी त्यांची होते. नव्या माशाला भोकाच्या अ‍ॅक्रिलिक डब्यात काही दिवस टाकीतच लटकवणे आणि सोडताना दगडांची मांडणी बदलणे उपयोगी पडते. लपण्याच्या फटी माशांपेक्षा जास्त हव्यात. भारतात खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे या फटी सुक्या किंवा सिरॅमिक दगडांतूनच कराव्या लागतात.

पाण्याच्या बाबतीत मोजके आकडे पुरतात: अमोनिया शून्य, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. उन्हाळ्यात पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७. तापमान तिशीपार गेले की तोही घटतो. त्या वेळी पृष्ठभागाजवळ धापा टाकणारा मासा भित्रा नसतो, गुदमरत असतो.

एवढे करूनही झाकण लागतेच. सबंध काच टाकली तर उष्णता आणि वायू कोंडतात, त्यापेक्षा चौकटीत ताणलेली सहा मिलिमीटर छिद्रांची पारदर्शक जाळी बरी. पाइप आणि वायरींसाठी कापलेली खाच तेवढी बुजवायची, कारण मासा बरोबर तिथूनच निसटतो. जमिनीवर पडलेला मासा ओलसर असेल तर हात टाकीच्याच पाण्यात भिजवून उचलावा. कोरड्या फडक्याने अंगावरचा चिकट थर निघून येतो. कल्ले हलत नसले तरी त्याला काही वेळ पंपाच्या प्रवाहासमोर हलकेच धरून पाहावे, सावरला तर दगडाआड सोडून दिवे मालवावेत आणि खाणे दुसऱ्या दिवशीच द्यावे.