पाच लाखांचं कार्ड निघालं, महिन्याच्या गोळ्यांचं काय?

करमाळा तालुक्यातलं, दौंड–सोलापूर लोहमार्गावरचं केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. उत्तरेश्वराच्या देवळापासून स्टेशनापर्यंत कुठेही दोन म्हातारी माणसं बोलत बसलेली असली, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "कार्ड काढलं का?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो. मुंबई-पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, तुमच्यासाठी कोणती पॉलिसी घेऊ?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांच्याआधी विचारायचा प्रश्न राहून जातो: दर महिन्याला लागणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचे पैसे कोण देणार? म्हातारपणीचा आरोग्यविमा निवडताना सुरुवात इथून झाली पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. ते मुद्द्यांनी मांडतो.

१. कार्ड कशासाठी आहे, ते आधी समजून घ्या.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. त्यासाठी मिळणाऱ्या कार्डाला वय वंदना कार्ड म्हणतात. घर आधीच या योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी पाच लाखांचं वेगळं संरक्षण जोडलं जातं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली झाली. हे फार मोठं काम झालं आहे. बायपास करायची म्हणून शेत विकणारं कुटुंब आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

पण दोन्ही योजनांचा पाया एकच: पेशंट ॲडमिट झाला पाहिजे. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरची औषधं जास्तीत जास्त १५ दिवसांची धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून मेडिकलचं बिल आपलं. स्टेंट फुकट बसला, तरी त्यानंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या या हिशेबात नाहीत.

२. घर पोखरतं ते महिन्याचं बिल.

केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. सुधारणा झाली हे खरं, तरी राहिलेल्या खर्चात बाहेरून विकत घेतलेल्या औषधांचा वाटा मोठा आहे, आणि तो सगळ्यात जास्त म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतो.

संध्याकाळी कुठल्याही मेडिकलच्या काउंटरजवळ थोडा वेळ उभं राहा. एखादी आजी पदराच्या गाठीतून नोटा काढते आणि म्हणते, "चारच दे, बाकीच्या बाजाराच्या दिवशी नेते." दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा बरेचदा दुकानातच राहतो. आजीच्या हातात पडतात चार चकचकीत गोळ्या, ज्यांची मुदत कधी संपते ते तिला कधीच कळणार नाही. चार गोळ्या संपतात, बाजाराचा दिवस लांब असतो, मग एक दिवसाआड गोळी सुरू होते. बीपीची गोळी अशी तुटक घेतली तर बीपी आटोक्यात राहत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग जातं. तेव्हा मात्र पाच लाखांचं कार्ड चालतं. रोजच्या गोळीसाठी काही नाही आणि लकव्यासाठी पाच लाख, ही व्यवस्था माणुसकीला तर सोडाच, हिशेबालाही धरून नाही.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. जन्मभर कुंकवाच्या कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केलेल्या माणसाची नियमित मिळकत बहुधा तेवढीच. नवरा-बायको दोघांना शुगर असली, तर त्यातला किती भाग मेडिकलवाल्याकडे जातो, हे घरोघरी माहीत आहे.

३. आधी गोळ्यांची यादी, मग पॉलिसी.

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी फक्त औषधांसाठीचा असा वेगळा विमाही असतो. मेडिकेअरचा 'पार्ट डी' हा भाग २००६ पासून लागू आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात तिथले म्हातारे आपली योजना नव्याने निवडतात. प्रत्येक कंपनीची औषधांची यादी वेगळी, आणि एकच गोळी एकीकडे स्वस्त तर दुसरीकडे महाग. म्हणून तिथली जाणती माणसं आधी स्वतःच्या गोळ्या कागदावर उतरवतात आणि मग कोणत्या योजनेत त्या कमीत कमी पैशांत बसतात ते पाहतात. २०२५ पासून तिथे वर्षाला खिशातून जाणाऱ्या औषधखर्चाला मर्यादाही घातली गेली; त्या वर्षी ती २००० डॉलर होती. ती पद्धत किचकट आहे, तशीच्या तशी इथे यावी असं मी म्हणणार नाही. यादीपासून सुरुवात करायची सवय मात्र उचलण्यासारखी आहे.

एक वही करा. गोळीवरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ॲटोरव्हास्टॅटिन. पुढे किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, महिन्याचा खर्च किती. वाचता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच २०१६ पासून स्पष्ट सांगितलेलं आहे. तेव्हा डॉक्टरांना तसं लिहून मागण्यात संकोच नको. ही वही हातात नसताना पॉलिसी घेणं म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकणं.

४. रेल्वेच्या पेन्शनरांपुढे खरीच निवड आहे.

केम, जेऊर, कुर्डुवाडी या पट्ट्यात रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं बरीच आहेत. निवृत्तांसाठी रेल्वेची जी आरोग्य योजना आहे तिचे सभासद असलेल्यांना रेल्वेच्या दवाखान्यातून औषधं मिळतात. रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्याला ओपीडीऐवजी महिन्याला १००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. २०१७ पासून तो एवढाच आहे. अनेकजण रोख पैसे बरे म्हणून डोळे झाकून भत्ता घेतात.

इथे वहीतला आकडा बोलू द्या. महिन्याची औषधं ४०० रुपयांची असतील आणि सोलापूरला जाऊन रांग धरणं झेपत नसेल, तर भत्ता बरा. बायकोला इन्सुलिन लागत असेल, हृदयाची पाच-सहा औषधं चालू असतील, तर हजार रुपयांत काहीच भागत नाही. तिथे दवाखानाच धरावा. दीर्घ आजारासाठी भत्ता घेऊनही काय मिळतं, हे पर्याय भरून देण्याआधी रेल्वेच्या दवाखान्यात लेखी विचारून घ्या. माजी सैनिकांनीही आपल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेबद्दल हाच हिशेब मांडावा. केंद्राच्या अशा योजनेत असणाऱ्याला वय वंदना कार्ड हवं असेल, तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, हे विसरू नका. कार्डाच्या शिबिरात हे कुणी सांगेलच असं नाही.

५. सरकारी दवाखान्यातल्या गोळीवर आपला हक्क आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि औषधं मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करमाळ्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत हे लागू आहे. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या या केंद्रांच्या यादीत आहेतच. गावचा म्हातारा तरी तिथे का जात नाही? कारण तो गेला की कधी गोळी संपलेली असते, तर कधी पाच-सात दिवसांच्याच हातावर ठेवतात. दर आठवड्याला रोजगार बुडवून, गुडघे दुखत असताना येरझाऱ्या कोण घालील?

इथे तामिळनाडूकडे बघावं. १९९४ साली त्या राज्याने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभं केलं आणि त्यातून दवाखान्यांचा पुरवठा सुधारला. ऑगस्ट २०२१ पासून तर तिथे बीपी-शुगरच्या रुग्णांना घरपोच गोळ्या देण्याची योजना चालू आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये कायदा करून औषधखरेदी प्राधिकरण स्थापन केलं. त्याचं यश मोजायचं असेल, तर खेड्यातल्या केंद्रात महिनाअखेरीस ॲम्लोडिपिन शिल्लक आहे का, ते बघावं.

६. जन औषधी केंद्र गावात यायला हवं.

तिथली औषधं ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, आणि यादीत दोन हजारांहून जास्त औषधं आहेत. शहरातल्या माणसाला हे सोपं जातं. केमच्या माणसाला त्यासाठी गाव सोडावं लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, त्यामुळे तीन महिन्यांची औषधं एकदम आणणं त्यांना जमू शकतं. पण हा कायमचा उपाय म्हणता येणार नाही.

कायमचा उपाय गावाच्याच हातात आहे. २०२३ मध्ये केंद्राने २००० विकास सोसायट्यांना जन औषधी केंद्र चालवू देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी लागते १२० चौरस फूट जागा आणि एक फार्मसिस्ट. जागा गावात सापडेल आणि डी. फार्म. झालेली पोरं तालुक्यात नोकरी शोधत फिरत आहेत. खत आणि पीककर्ज पुरवणारी सोसायटी गोळ्याही पुरवू शकते. "स्वस्त गोळीला गुण येत नाही" ही शंका मला वारंवार ऐकू येते. मूळ औषध आणि मिलिग्रॅम तेच असेल, तर एरवी गोळी बदलायला भ्यायचं कारण नाही; बदलल्यावर महिनाभर बीपी मोजत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. अपस्माराच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधात मात्र विचारल्याशिवाय बदल करू नका.

७. खाजगी पॉलिसी सगळ्यात शेवटी.

एप्रिल २०२४ पासून वय जास्त म्हणून पॉलिसीचं दार बंद राहिलेलं नाही. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. हे सगळं चांगलं आहे, पण बहुतेक पॉलिस्या शेवटी ॲडमिट झाल्यावरच कामाला येतात.

ओपीडीची जोड देणाऱ्या पॉलिस्या आहेत. त्यांचा हिशेब असा करा: समजा, वर्षाच्या गोळ्या १०,८०० रुपयांच्या. ओपीडीची मर्यादा ५००० रुपये आणि त्यासाठी वाढणारा हप्ता ४००० रुपये. म्हणजे हाती लागले हजार, तेही प्रत्येक पावती सांभाळली तर. त्यापेक्षा ते ४००० दरवर्षी औषधांसाठी वेगळे ठेवलेले बरे. एजंटला तीन प्रश्न लेखी विचारा: रोजच्या गोळ्या धरल्यात का, क्लेममधला किती टक्के भाग आम्ही भरायचा, आमच्या डायबेटीससाठी किती वर्षं थांबायचं. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस वाचण्यात घालवा. आणि शुगर आहे हे फॉर्मवर लपवू नका. एजंट "लिहू नका" म्हणाला, तर एजंट बदला.

पगारदार मुलांसाठी एक: आई-वडिलांचा विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोखीने देऊ नका, मेडिकलची बिलं जपून ठेवा.

८. ग्रामसभेत मागायचं ते हे.

दिल्ली-मुंबईकडे मागणी आहेच: ज्येष्ठांच्या योजनेत बीपी, शुगर, दमा आणि हृदयविकाराच्या नेहमीच्या गोळ्या ॲडमिट न होताही मिळाल्या पाहिजेत. तोवर गावाने थांबायचं कारण नाही. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. एक, आरोग्य केंद्रातून दीर्घ आजाराच्या रुग्णांना एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, आणि कोणती औषधं शिल्लक आहेत याचा फळा दर सोमवारी बाहेर लावावा. दोन, विकास सोसायटीने जन औषधी केंद्रासाठी अर्ज करावा. जागेबाबत ग्रामपंचायतीने मदत करावी. तीन, वय वंदना कार्डाचं शिबिर गावात घ्यावं, आणि ज्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत त्यांच्यासाठी चेहरा किंवा ओटीपीची सोय ठेवावी. जन्मभर रानात राबलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. चार, आशाताईंनी ज्येष्ठांच्या गोळ्यांची वही घरोघरी भरून घ्यावी आणि त्यासाठी त्यांना वेगळं मानधन द्यावं. ठरावाची नक्कल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोचती करून पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच ठेवा.