गुरुदक्षिणेंतील रिव्हॉल्वर

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वडिलांच्या पश्चात् त्यांची ट्रंक आवरतांना सांपडलेली एक पुरचुंडी माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, आपणांस इतिहासाची आवड. ही माझी गुरुदक्षिणा. हिची ओळख पटवा आणि किंमतहि सांगा." पुरचुंडींत त्याच्या पणजोबांचें रिव्हॉल्वर व पेन्शनचें पुस्तक होतें. पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांत सुभेदार होते.

सैन्यांतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांस मीं बोलाविलें. चापास बोट न लावतां, नळी भिंतीकडे धरून, त्यांनीं तें मध्यावर उघडलें. तोंच फिरत्या चक्राच्या सहा घरांपैकीं एकांतून काळवंडलेलें काडतूस बाहेर पडलें. शेजारच्या खोलींत नातवंडें खेळत होतीं. आम्हां सर्वांच्या अंगावर कांटा उभा राहिला.

ओळख पटविणें मात्र फार कठीण गेलें नाहीं. चक्राच्या घरांत पुढून दारू व गोळी भरून मागें टोपी बसवावयाची असेल, तर तें शस्त्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें समजावें. इंग्लंडांतील रॉबर्ट ॲडम्स याचें १८५१ चें रिव्हॉल्वर त्या जातीचें. येथें तर धातूचें काडतूस होतें. डाव्या बाजूस वेबलीचें नांव, सहावा मार्क, १९१६ हें वर्ष आणि सरकारी मालकीचा बाण, इतकें कोरलेलें होतें. वेबलीचा पहिला मार्क ब्रिटिश सैन्यानें १८८७ सालीं स्वीकारला, सहावा १९१५ सालीं. सहा इंचांची नळी, ०.४५५ इंचाचें काडतूस व मुठीखालीं दोरीची कडी, हीं लक्षणेंहि जुळलीं.

किंमत चार गोष्टींवर ठरते: सुट्या भागांवरील अंक एकच असणें, मूळचा निळसर काळा मुलामा शाबूत असणें, भाग बदललेले नसणें आणि पूर्वेतिहासाचा कागदी पुरावा असणें. सौभाग्यवती चिंच घेऊन आल्या होत्या. त्यांस मीं थांबविलें. घासून चकचकीत केलेल्या शस्त्राचें मोल घटतें.

पण खरा प्रश्न पुढेंच होता. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यांत शंभर वर्षांची मर्यादा आहे; ती तर ओलांडली. तथापि १९५९ च्या शस्त्र कायद्यानें जुन्या शस्त्रास दिलेली सूट, जें दुरुस्त करूनहि चालणार नाहीं, त्यालाच लागू पडते. हें तर चालण्याजोगें दिसत होतें. परवान्यावांचून तें बाळगणें त्यालाहि गुन्हा आणि मलाहि.

लपवूं कशाला? क्षणभर माझें मन डळमळलें. कपाटांत ठेवलें तर कोण पाहतो, असें वाटलें. तेव्हां सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "तें काडतूस बाळाच्या हातीं लागलें असतें तर?" मीं निरुत्तर झालों. आम्हीं पोलीस ठाण्यास कळविलें. अधिकारी आले, पंचनामा करून शस्त्र घेऊन गेले. जबाबावर सही करतांना माझा विद्यार्थी कचरला नाहीं.

वाचकहो, वाड्यांतील जुन्या ट्रंकांत असें कांहीं निघाल्यास हात लावूं नका, घासूं नका, मुलांस दूर ठेवा आणि प्रथम ठाण्यास कळवा. शेजाऱ्यांस उघडावयास लावणें हीहि माझी चूकच होती.

पेन्शनचें पुस्तक मीं विद्यार्थ्यास परत दिलें. तें आतां तो आपल्या मुलास वाचून दाखवितो. माझी दक्षिणा मला पोंचली.