परवाना पिस्तुलाचा आहे, मग बॅरल बदलता येतं का? समजून घ्या कायदा आणि धोका

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. अमेरिकेतला एक जण टेबलावर पिस्तूल उघडतो, जुनं बॅरल म्हणजे नळी बाहेर काढतो, कुरिअरने आलेलं नवं बॅरल बसवतो आणि मिनिटभरात काम संपतं. बाईकचा सायलेन्सर बदलावा तितकं हे सोपं दिसतं. मग प्रश्न पडतो, आपल्याकडेही परवाना असेल तर असं करता येतं का?

थोडक्यात उत्तर, घरी बसून नाही. आणि ते सुटं बॅरल नुसतं जवळ बाळगलं तरी तुरुंगात जावं लागू शकतं. असं का, ते नीट समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का?

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हे प्रकरण जोडलं गेलं. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचं नावही तपासात आलं, कारण आरोपींनी आपली स्कॉर्पिओ गाडी वाशीत सोडून पळ काढला होता.

या घटनेनंतर बीडमधले शस्त्र परवाने राज्यभर चर्चेत आले. एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने कसे, असा प्रश्न विचारला गेला. कमरेला पिस्तूल लावलेले आणि हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ व्हायरल झाले. प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. पण ही सगळी चर्चा परवाना कुणाला मिळाला, इथेच थांबली. परवाना मिळाल्यावर त्या शस्त्राचं काय करता येतं आणि काय नाही, यावर फार कुणी बोललं नाही.

अमेरिकेत चालतं, मग इथे का नाही?

कारण दोन्ही देशांचे कायदे 'बंदूक' कशाला म्हणायचं, यावरच वेगळे आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पिस्तुलाचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, हीच बंदूक मानली जाते. नोंदी आणि तपासणी होते ती फ्रेमची. बॅरल हा तिथे साधा सुटा भाग, त्यामुळे ते ऑनलाइन मिळतं.

भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच अग्निशस्त्राचे भाग येतात. आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधनंही त्यातच येतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत सुटं बॅरल हेच एक शस्त्र आहे. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचे नसतील तरच. पिस्तुलात बसवण्यासाठी आणलेल्या बॅरलला ही पळवाट लागू होत नाही. युरोपियन युनियनच्या नियमांतही बॅरल हा बंदुकीचा 'आवश्यक घटक' मानला जातो. म्हणजे वेगळा नियम अमेरिकेचा आहे, आपला नाही.

कोणती कलमं लागू शकतात?

कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही. कलम ५ नुसार शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं आणि दुरुस्त करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. कलम ६ नुसार बॅरल कापून आखूड करणं किंवा शस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणं यालाही परवाना हवा. कलम १० नुसार परदेशातून शस्त्र किंवा त्याचा भाग आणायलाही परवाना लागतो, म्हणजे कुरिअरचा मार्गही बंद.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढल्या. कलम ५ किंवा ६ मोडलं तर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ वर आणली. लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

यात आणखी एक मेख आहे. सामान्य परवानाधारकाला मिळतं ते बहुतेक वेळा .३२ बोअरचं पिस्तूल. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. वेगळ्या बोअरचं बॅरल बसवलं, की मामला थेट प्रतिबंधित शस्त्रापर्यंत जाऊ शकतो.

बॅरलवर एवढा कडक पहारा कशासाठी?

कारणं दोन. पहिलं म्हणजे स्फोटाचा दाब. काडतूस पेटतं तेव्हा त्याचा दाब बॅरलच्या मागच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये तयार होतो. तिथलं माप थोडं जरी चुकलं तरी काडतुसाची केस फाटू शकते आणि गरम वायू हाताच्या, डोळ्यांच्या दिशेने मागे येऊ शकतो. म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडण्याआधी शस्त्राची जास्त दाबाने प्रूफ चाचणी घेतात. शिवाय सगळ्या पिस्तुलांचं बॅरल सहज सुटत नाही. लहान बोअरच्या अनेक पिस्तुलांत ते सांगाड्याला पक्कं बसवलेलं असतं. व्हिडिओतलं मॉडेल वेगळं आणि तुमच्या हातातलं वेगळं.

दुसरं कारण म्हणजे ओळख. बॅरलच्या आत पिळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि तिच्यावर बारीक ओरखडे उमटवतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली हे ओरखडे जुळवून गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली ते सांगतात. बॅरल बदललं की हा दुवा तुटतो. म्हणून विनापरवाना बदललेलं बॅरल दिसलं, की पोलिसांना पहिला संशय पुरावा लपवल्याचा येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि ज्यांना ही युक्ती वाटते त्यांच्यासाठी, रिकाम्या केसवर फायरिंग पिन आणि स्लाइडच्या खुणाही उमटतात. त्या बॅरल बदलल्याने जात नाहीत.

मग बॅरल खरंच खराब झालं तर?

समजा, वाशी तालुक्यातल्या एखाद्या परवानाधारकाचं पिस्तूल वर्षानुवर्षं कपाटात पडून आहे. दोन पावसाळे तेल-पाणी झालं नाही, नळीत गंज चढला, खड्डे पडले. अशा वेळी काय करायचं?

१. त्या पिस्तुलातून गोळी झाडू नका. नळीत फुगवटा किंवा चीर दिसत असेल तर अजिबात नाही.

२. ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊ नका. त्याने हात लावला तर गुन्हा त्याच्यावरही येतो आणि तुमच्यावरही.

३. शस्त्र परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

४. मूळ परवाना सोबत घेऊन, दुरुस्तीचा परवाना असलेल्या अधिकृत दुकानात किंवा उत्पादक कारखान्याकडेच शस्त्र द्या. पावती घ्या.

५. शस्त्र परत आल्यावर त्यावरचा क्रमांक आणि बोअर परवान्यातल्या नोंदीशी जुळतो का ते पाहा. नोंद आणि शस्त्र यांत फरक राहिला तर नूतनीकरणाच्या वेळी किंवा निवडणुकीत शस्त्र जमा करताना तो उघड होतो, आणि तेव्हा खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

परवाना मिळतो तो एका ठराविक शस्त्राचा, त्यावरच्या क्रमांकासह. त्याच्या जोरावर शस्त्रात हवे ते बदल करण्याची मुभा कुणालाच नाही, मग तो शेतकरी असो, ठेकेदार असो की पुढारी. त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला आणि गावातल्या एखाद्या मित्राने 'हे बॅरल कुठं मिळेल रे?' असं विचारलं, तर लिंक पाठवण्याआधी त्याला कलम ५ ची शिक्षा सांगा. किमान ७ वर्षं.